भुंग्याचे उपकार

यादीत त्यांचा नंबर एक्केचाळिसावा होता.

यादी करणारा तरुण गेली सहा वर्षं इमानेइतबारे एकच उद्योग करत होता. जे रॉक बँड गाजायला हवे होते आणि गाजले नाहीत, त्यांच्या कॅसेटी तो जुन्या बाजारातून हुडकून आणायचा, कान देऊन ऐकायचा आणि प्रत्येकाबद्दल आपल्या वेबसाइटवर चार ओळी लिहायचा. एक्केचाळिसाव्या नंबराखाली लिहिलं होतं: ‘लोखंडी जिना. चार जण, एक कॅसेट, पाच गाणी, एकतीस वर्षांपूर्वीची. बास आणि ड्रमची अशी जोडी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. गाणी आजही ताजी वाटतात. गायिकेचा आवाज मात्र पातळ आणि चिरका आहे. तेवढा सोसायची तयारी असेल तर जरूर ऐका.’

तराजूनं हे वाचलं, आनंदानं खुर्चीतच उडी मारली आणि शेवटचं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. बास वाजवणारे म्हणजे तिचे बाबा. गायिका म्हणजे तिची आत्या.

तराजू हे काही तिचं खरं नाव नव्हे. भौतिकशास्त्र शिकून ती दुकानातले वजनकाटे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, त्या दिवसापासून घरात तिला दुसरं नाव उरलं नाही. मखमलीच्या खाचांत बसवलेल्या पितळी वजनांची पेटी घेऊन ती गावभर फिरायची. काटा काय दाखवतो यावर तिचा विश्वास नसे. ‘कशाशी ताडून पाहिलं?’ हा तिचा पहिला प्रश्न. घरात कुणी दूध नासलंय म्हटलं तरी ती हेच विचारायची आणि बोलणी खायची.

यादीवाल्यानं बाबांना पत्रही पाठवलं होतं. एक छोटी कंपनी ती पाच गाणी पुन्हा काढायला तयार होती. चौघांच्या सह्या हव्या होत्या, त्या घ्यायला तो स्वतः शनिवारी येणार होता. गिटारवाले दूरगावी स्थायिक झालेले, त्यांनी आपली सही टपालानं धाडलीच होती. बाबांनी पत्र वाचता वाचताच सही ठोकली. ड्रमवाल्या पिपाणीकाकांनी तर दोन ठिकाणी केली, एखादी पुसली गेली तर असावी म्हणून. उरली आत्या.

आत्याचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडद्याआड अंधारी खोली, तिथं उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता. बाबा आणि तराजू गेले तेव्हा ती फडक्यानं भिंगं पुसत होती.

“ताई, फक्त एक सही,” बाबा म्हणाले.

“कशाला? माझा आवाज सोसायची लोकांना लेखी परवानगी द्यायला?”

“म्हणजे तू वाचलंस ते.”

“वाचता येतं मला. चांगल्या नंबराचा चष्मा आहे माझा.” तिनं भिंग उजेडात धरून पाहिलं. “तो पोरगा खोटं बोललेला नाही. तुम्ही सगळे बोलत होता, तोंडावर. तेव्हा कॅसेट काढणाऱ्या कंपनीच्या माणसानं ती लावली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी कशी गाते. आणि तुम्ही काय म्हणालात? आपला आवाज रेकॉर्डवर वेगळाच वाटतो, ताई!”

“वाटतोच की.”

“मग माझा असाच आहे. विषय संपला. आणि तुझ्या त्या भुंग्यानं जी काही लाज राहिली असती तीही घालवली.”

बाबा कपाटातल्या फ्रेमा सरळ करू लागले. भुंगा हा त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला अॅम्प्लिफायर. फ्रीज दुरुस्तीचं काम शिकत असताना मोडक्या रेडिओचे अवयव लाकडी खोक्यात बसवून त्यांनी तो बनवला होता. बास त्यातून दणदणीत वाजे, पण चालू केला की तो एकसारखा घूं करत राही. गाण्यात घूं, गाणं थांबलं तरी घूं. अख्ख्या बँडनं त्यावरून त्यांना तीन वर्षं फाडून खाल्लं होतं आणि पुढे एकतीस वर्षं त्याची आठवण करून दिली होती.

कंपनीत कॅसेट ऐकली त्या दिवसानंतर आत्या कधी गायली नाही. तराजूनं तिला स्वयंपाकघरात गुणगुणतानासुद्धा ऐकलेलं नव्हतं.

मूळ कॅसेट बाबांकडे होती. यादीवाल्याला तिची स्वच्छ प्रत हवी होती, म्हणून सही मिळो न मिळो, तराजूनं ती बुधवारी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या गाण्याआधी चार सेकंद नुसता भुंगा होता. मग पिपाणीकाकांचा आवाज: “एक, दोन, तीन, चार!” काका अंगानं दांडगे आणि आवाजानं त्याहून, पण कॅसेटवर हे आकडे असे चिंचोळे निघाले होते की तेव्हापासून त्यांना पिपाणी हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तराजूनं सवयीनं त्या चार सेकंदांचा आलेख काढला. भुंग्याची घूं म्हणजे घरातल्या विजेची कंपनं हे तिला ठाऊक होतं. ती सेकंदाला पन्नास असतात. पडद्यावर रेघ चोपन्नावर होती.

तिनं आधी स्वतःच्या यंत्रावर संशय घेतला. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याकडून तपासणीची कॅसेट आणली. तिच्यावर सेकंदाला तीन हजार कंपनांचा सूर भरलेला होता. यंत्रानं तीन हजार एक दाखवले. म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागत होतं. मग तिनं पाचही गाण्यांखालून जाणारी घूंची रेघ काढली. ती हळूहळू वर चढत होती. पहिल्या गाण्याशी चोपन्न, तिसऱ्याशी साडेपंचावन्न, शेवटच्याशी सत्तावन्न.

तिनं बाबांना फोन लावला. ते कुणाच्या तरी फ्रीजमागे होते.

“बाबा, रेकॉर्डिंगच्या दिवशी वीज कुठली होती? जनरेटर वगैरे?”

“छे गं. जिन्याखालची खोली ती, घरमालकांचीच वीज. का?”

“आणि टेपरेकॉर्डर?”

“तो शेजाऱ्यांचा. खोलीत प्लग दोनच, एक गिटारला, एक भुंग्याला. टेप सेलवर चालवला.”

“नव्या?”

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. “टॉर्चमधले काढले होते,” बाबा म्हणाले.

तराजूनं कागदावर आकडे मांडले. सेल मरत चालले होते, म्हणून फीत हळू सरकत होती, आणि गाण्यागणिक आणखी हळू. त्यांनी तिथल्या तिथे ऐकलं असणार त्याच मरतुकड्या सेलांवर, तेव्हा सगळं ठीकच वाटलं असणार. पुढे कंपनीच्या खणखणीत यंत्रावर तीच फीत नेहमीच्या वेगानं फिरली आणि सगळंच घाईत, चढ्या सुरात वाजलं. त्या माणसाच्या यंत्रात काही खोट नव्हती, आत्याच्या गळ्यातही नव्हती. चौघांनीही काटा काय दाखवतो ते पाहिलं आणि मान खाली घातली. कशाशी ताडून पाहिलं, हे एकानंही विचारलं नाही.

ताडायला मात्र एक वस्तू त्या खोलीत सारखी हजर होती. सगळ्यांच्या शिव्या खात, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत, तिच्या पेटीतल्या पितळी वजनासारखी.

दोन संध्याकाळी खपून तिनं घूंची रेघ ठिकठिकाणी पन्नासवर ओढून बसवली आणि तिच्याबरोबर गाणी आपापल्या जागी उतरली. पण ऐकताना तिला खात्री वाटेना. आवाज खाली आला होता, भरला होता, एवढं तिला कळत होतं. तो चांगला होता का? गाण्यातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं आणि आत्याचा गाता आवाज तिनं जन्मात ऐकलेला नव्हता. आत्याला हाही नको वाटला तर? मग तर कॅसेटला दोष द्यायचीही सोय राहणार नव्हती.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन दुकानात गेली. सोबत बाबा आणि शाळेच्या बसची फेरी आटोपून थेट आलेले पिपाणीकाका.

“सही मागायला वरात आणलीय?” आत्या म्हणाली.

“सही नको. फक्त ऐक,” तराजू म्हणाली.

“ते ऐकून झालंय माझं. आयुष्यभराचं.”

“आत्या, तू रोज खुर्चीवर बसवून लोकांना काय विचारतेस? हा बरा की हा? कुणी म्हटलं का, मला काच बघायचीच नाही, तर?”

“तर घरी पाठवते.” पण आत्या हसली. मग उठली, पडदा सारला आणि गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत जाऊन बसली. “चल. पण कुठला कुठला ते सांगायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून लोक हो म्हणतात, ते ओळखायला मी शिकलेय.”

तराजूनं शेवटचं गाणं लावलं. चिंचोळे आकडे, घाईतली गिटार आणि धापा टाकणारी एक मुलगी. आत्यानं डोळे मिटले. तिचा अंगठा पदराचं टोक चुरगाळत राहिला.

“हा बरा,” तराजू म्हणाली आणि दुसरं लावलं, “की हा?”

आधी घूं. मग आकडे, असे ढोल्या पिंपातून आल्यासारखे, की पिपाणीकाका स्टुलावरून अर्धे उठलेच. “अरे, हा तर मी!”

“गप्प बस,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “थांबव. काय रे, म्हण बघू आकडे.”

काकांनी घसा साफ केला. “एक, दोन, तीन, चार.”

“लाव परत.”

तराजूनं लावलं. तेच ते. काका इकडे तिकडे पाहत होते, हरवलेलं काही खिशातच सापडल्यासारखे. आता गाणं पुढे गेलं आणि तो आवाज आला: खालचा, जाडसर, कडेला किंचित खरखरीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी न घाबरता थांबणारा. आत्याचा अंगठा पदरावरच थांबला. दुसरं कडवं संपलं. बाबा भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक अक्षरं वाचत असल्याचं सोंग करत होते.

“इथं श्वासाला जागा आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी म्हणायची ना तुम्हाला, मी धापा टाकत कधी गायलेच नाही. छाती भरून घ्यायची मी इथं. त्या कॅसेटीत ती जागाच नव्हती, तेव्हा वाटलं, आपल्यालाच कळलं नसेल.” तिनं डोळे उघडले. “काय केलंस तू, तराजू? खरं सांग. गोड केलंस?”

“काही घातलं नाही, काही काढलं नाही. नुसता वेग जागेवर आणला.”

“कशावरून जागेवर?”

हा प्रश्न आत्याच्या तोंडून ऐकून तराजूला तिला मिठी मारावीशी वाटली. तिनं पडद्यावरची रेघ दाखवली, सेल, टॉर्च, चोपन्न, सत्तावन्न, सगळं सांगितलं. “तो घूं करत होता म्हणून कळलं, आत्या. तो नसता तर तुझा आवाज नेमका किती खाली आणायचा, हे सांगणारं माझ्याकडे काहीच नसतं.”

आत्या भावाकडे वळली.

“एक विचारू? ती घूं तेव्हा बंद करता आली नसती?”

बाबांनी कान खाजवला. “अर्थिंगची एक तार जोडायची होती. दहा मिनिटांचं काम.”

“मग का नाही केलंस?”

“तू रोज शिव्या घालायचीस. म्हटलं, आता तर मुळीच नाही जोडणार.”

“नालायका,” आत्या म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला, खरोखरचा. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथंच राहू दिला. “बरं झालं. फार बरं झालं. कुठाय तो?”

“माळ्यावर. तूच सांगत होतीस फेकून दे म्हणून.”

“मी लाख सांगेन.”

यादीवाला आला तेव्हा दुकानात चौघं त्याच गाण्यावर सहाव्यांदा होती आणि पिपाणीकाका काचेच्या कपाटावर बोटांनी ठेका धरत होते. तो तरुण दारातच उभा राहिला. गाणं संपेपर्यंत त्यानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“हे कोण गातंय?” त्यानं विचारलं.

“सोसवत नाही का?” आत्या म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. तराजूनं पुन्हा सगळं समजावलं. ऐकून घेऊन तो घाईघाईनं म्हणाला, “मी आजच ती ओळ काढून टाकतो. माफ करा मला.”

“काढू नका. तुम्ही जे ऐकलंत ते प्रामाणिकपणे लिहिलंत. तिच्यापुढे तारीख घाला. खाली आजची तारीख घालून आज काय ऐकलं ते लिहा.” आत्या म्हणाली. “आणि आमच्यासारख्यांना हुडकत फिरता, याबद्दल आभार. तुम्ही प्रत मागितली नसती तर ही पोर कॅसेटीला हात लावतीच कशाला.”

त्यानं खाली मान घालून कागद पुढे केला. “रेकॉर्ड छान निघेल बघा. ती मागची घूं तेवढी काढून टाकतो, एका बटणाचं काम आहे.”

चौघं एकदम म्हणाली, “नाही!”

आत्यानं पेन घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत ठसठशीत अक्षरांत एक अट लिहिली: घूं जशी आहे तशी राहील. मग वादकांच्या यादीत, बासच्या खालच्या ओळीत, आणखी एक नाव घातलं, भुंगा, आणि त्याखाली सही केली.