माझ्या जबड्यातला अर्धवट गळ

मित्रांनो, माझं नाव ऐकून हसलात तरी चालेल. मी शिकंजा आहे, वीतभर उंचीचा, पितळी बुडाचा आणि पोलादी जबड्याचा. सुताराकडचा दांडगा शिकंजा तुम्ही पाहिला असेल, त्याचा मी किरकोळ धाकटा भाऊ. मला टेबलाच्या कडेला आवळून बसवतात, जबड्यात इवलासा गळ देतात आणि त्या गळावर दोऱ्याने पिसं बांधतात. पाण्यात ते खोटं आमिष माशाला खरं वाटतं. लांब पिसांचं, छोट्या मासोळीसारखं दिसणारं आमिष असेल तर त्याला स्ट्रीमर म्हणतात. गळ हलू न देता धरून ठेवायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका छोट्या कारखान्यातला. पहिला मालक अबोल होता. त्याच्या माघारी मुलांनी मला एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, गंजक्या चमच्यांशेजारी मांडलं. आता भंगारातच जाणार म्हणून मी आशा सोडली होती. तेवढ्यात संजयरावांनी मला उचललं. पुण्याहून नोकरीसाठी मेडनहेडला आलेला हा माणूस थेम्सकाठी फिरता फिरता माशांच्या नादी लागला होता. त्यांनी माझा स्क्रू फिरवला, जबडा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाले, "वा, काय पकड आहे!" त्या शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं जगलो.

काय दिवस होते ते! संध्याकाळी ऑफिसमधून आले की चहाचा कप एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. खंडेनवमीला लॅपटॉपशेजारी माझीही पूजा व्हायची. माझ्या स्क्रूच्या आट्यांत ते कुंकू अजून अडकलेलं आहे. सुनेत्राताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मात्र माझ्यावर सदा करवादलेल्या. "अहो, वरणात पीस सापडलं आज! आपण मासे खात नाही, तुम्ही धरता आणि परत सोडता. मग धरता तरी कशाला?" संजयराव नुसते हसायचे.

पर्च नावाच्या माशावर त्यांचा फार जीव. अंगावर काळे पट्टे, खाली नारिंगी पर, आणि स्वभावाने असा हावरट की आपल्याच जातीची पिल्लंही गट्ट करतो. म्हणून संजयरावांनी पर्चच्याच पिल्लासारखा एक नवा स्ट्रीमर मनात योजला होता. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या जबड्यात गळ दिला, नारिंगी शेपूट बांधलं, आणि दोरा तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. त्यांचा उजवा हात थरथरत होता. शेवटी दिवा मालवून ते उठले.

हा थरथरण्याचा आजार जाणारा नाही, हे त्यांना डॉक्टरांकडून कळलं आणि मला घरातल्या शांततेवरून. मी खोक्यात गेलो, खोकं गराजमध्ये गेलं. अर्धवट गळ माझ्या जबड्यात तसाच होता. कोणी म्हणेल, लोखंडाला कसली आठवण? पण मला त्या बोटांची फार आठवण यायची. गाडीचं दार वाजलं की वाटायचं, आता येतील, आता स्क्रू फिरवतील.

दोन हिवाळे गेले. मग एका सकाळी संजयरावांचा आवाज आला, "ते खोकं चॅरिटी शॉपला देऊन टाक. आता नदीवर जाऊन काय करायचंय मला?"

सुनेत्राताईंनी खोकं उघडलं. जबड्यातला गळ पाहून त्या थबकल्या.

"हे अर्धवट काय आहे?"

"राहिलं ते. जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? मला शिकवा. तुम्ही सांगा, मी बांधते."

"तुला सुई ओवायला चष्मा लागतो, सुनेत्रा."

"मग चष्मा लावते! जूनमध्ये नदी उघडते ना? तोवर येईल मला."

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नदीत पर्चसारखे मासे धरायला बंदी असते, एवढं त्यांना कुरकुर करता करता पाठ झालं होतं. त्यांनी मला डायनिंग टेबलाला आवळलं आणि त्या गळाला हात घातला. संजयराव म्हणाले, "तो नको. तो माझा आहे, तसाच राहू दे. तू नवा घे." ताईंनी तो हळूच काढून फ्रिजवरच्या मॅग्नेटला चिकटवला. मित्रांनो, माझा जबडा रिकामा झाला तेव्हा मला रडायला आलं असतं, पण शिकंज्याला ती सोय नाही.

मग शिकवणी सुरू झाली. आधी शेपूट, मग हिरवट लोकर, वर मऊ लांब पिसं, शेवटी काळ्या शाईने पट्टे. "दोरा ताणून धर. अगं, एवढा नाही!" "तुम्ही ओरडू नका हो, हात चुकतो माझा." पहिला स्ट्रीमर झुरळासारखा झाला. दुसऱ्याची पिसं गळली. शेवटची गाठ मात्र पहिल्या फटक्यात बसली, कारण त्यांनी जन्मभर गाठी मारत गजरे गुंफले होते.

अखेर एक देखणा झाला. भांडी घासायच्या टबात पाणी भरून त्यांनी तो सोडला. बुडायचं सोडून तो वरच तरंगला, पिसं एकमेकांना चिकटलेली. आणखी एक बांधून सोडला, तोही तरंगला. संजयरावांनी पिसं नाकाशी नेली आणि खो खो हसत सुटले. "खोबरेल! अगं, मासा धरायचाय, त्याची वेणी घालायची नाही!"

झालं होतं असं, की रोज सकाळी सुनेत्राताई संजयरावांच्या बोटांना खोबरेल तेल चोळायच्या आणि त्याच हातांनी बांधायला बसायच्या. त्या आधी रागावल्या, मग स्वतःच हसल्या. मी गराजमध्ये गेल्यापासून हे हसू ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आधी स्ट्रीमर, मग तेल, असा नियम झाला.

नदी उघडली त्या दिवशी मलाही नेलं. "पिसं निघालीच तर तिथेच नवा बांधीन," म्हणून ताईंनी मला थालीपिठाच्या डब्याशेजारी फोल्डिंग टेबलाला बसवलं. संजयराव गळाची काठी हातात घ्यायला तयार नव्हते. "हात बघ माझा. लोक हसतील."

"हसू देत. मी दोन महिने डोळे फोडलेत, ते काय फ्रिजवर लावायला?"

मग संजयरावांनी काठी घेतली आणि काठापाशीच स्ट्रीमर सोडला. हात थरथरत होता, तशी दोरी थरथरत होती, आणि दोरीच्या टोकाला ते खोटं पिल्लू असं काही थरथरलं की जणू जिवंतच! धडधाकट हात अशी हालचाल मुद्दाम करू शकत नाही. पाणी फुटलं, काठी वाकली. "सुनेत्रा! अगं सुनेत्रा!" ते लहान मुलासारखे ओरडले. पट्ट्यापट्ट्यांचा पर्च त्यांनी ओल्या हातात धरला, डोळे भरून पाहिला आणि परत सोडला. या वेळी ताईंनी "मग धरता कशाला" असं विचारलं नाही.

त्यांची बोटं माझा स्क्रू पुन्हा फिरवणार नाहीत, हे मला कळतं. तरी संध्याकाळी चहाचा कप टेबलावर टेकला की मी वाट बघतोच. मित्रांनो, एकच मागणं आहे. घरात कोणाचे हात थकले, तर त्याची हत्यारं लगेच खोक्यात भरू नका. आधी विचारा, माझे हात चालतील का म्हणून. आणि आम्हाला अधूनमधून थेंबभर तेल द्या, मशीनचं.

आता रोज सकाळी आधी मी आणि सुनेत्राताई काम करतो. मग त्या खोबरेलची बाटली घेतात आणि संजयरावांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरतात. हळूहळू तो शांत होतो. मी टेबलाच्या कडेवरून बघत असतो. धरून ठेवण्यात माझी हयात गेली, पण असं धरणं मला कधी जमलं नाही.