महादूच्या सलूनचं चित्र

पालघर स्टेशनजवळचं महादूचं सलून त्याच्या आजोबांच्या काळातलं. सागवानी खुर्च्या, भिंतभर आरसे. गावाचं शहर झालं, जिल्ह्याचं ठिकाण झालं, तरी सलून होतं तसंच होतं. गेल्या वर्षी महादू गेला आणि मागोमाग रस्त्यासाठी सलूनही पाडलं. चंद्रकांताने नवऱ्याचं ते दुकान आतून कधी पाहिलंच नव्हतं. घरच्या बाईने पुरुषांच्या गर्दीत शिरायचं नाही, ही सासरची रीत. जन्मभर ती डबा पायरीवर ठेवून माघारी फिरली.

आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, आणि हार घालायला धड फोटो नाही. होता तो आधार कार्डावरचा, चोर पकडून आणल्यासारखा. बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवणारा केतन लहानपणापासून महादूचं गिऱ्हाईक. त्याने सलूनचं चित्र काढलंय, त्यात महादूही आहे आणि ते तो आपल्यालाच देणार आहे, असं कळल्यावर ती सकाळीच त्याच्या घरी जाऊन थडकली.

चित्रावरचं फडकं निघालं. खुर्च्या, आरसे आणि हातात वस्तरा धरलेला महादू. चंद्रकांता पुढे वाकली.

"तीळ उजव्या गालावर काढलास. यांचा डाव्या गालावर हाय."

केतनने जीभ चावली. चूक गिऱ्हाइकाचीच होती. खुर्चीत बसून त्याने महादूला कायम समोरच्या आरशातच पाहिलं होतं.

"दोन दिवस द्या काकी, दुरुस्त करतो."

तिचं लक्षच नव्हतं. चित्रातला महादू तोंडभर हसत होता. इतकं मोकळं, की खुर्चीतल्या माणसालाही हसू फुटलं होतं.

"हे असे हसायचे?"

"रोज. दाढी काय, कुठंही होते. आमी त्यांच्या गप्पा ऐकायलाच जायचो."

घरी महादू जेवायचा, हूं म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. माणूस अबोल आहे, अशी मनाची समजूत घालून तिने सगळा संसार रेटला होता. आता तिला मेलेल्या माणसाचा राग आला, आणि रागावताही येईना म्हणून रडू आलं.

केतन गडबडून चित्र कागदात बांधायला लागला. तिने त्याचा हात धरला.

"राहू दे तुझ्याकडंच. या माणसाशी माझं लगीन झालंच नाय रे."