मधल्या झाडाची सुई

आमच्या ह्यांना पाण्याचं भारी वेड. असायचंच, जन्म पंपावर गेला. पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते, अर्ध्या शहराला पाणी पाजलं असं आजही सांगत असतात. घरात कुणाला काही झालं की ह्यांचं औषध ठरलेलं. डोकं दुखतंय, पाणी पी. झोप येत नाही, पाणी पी. राग आलाय, पाणी पी. माझा राग पाण्यानं गेला असता तर आतापर्यंत मी एखादी विहीर रिकामी केली असती, पण ते असो.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन आहे. पॅन्टची उंची कमी कर, चेन बदल, वजन वाढलेल्या बायांचे कपडे उसवून दे, असली कामं. खिडकीतून अंगण दिसतं. अंगण आपलं म्हणायचं, मोटार आत घेतली तर माणसाला आडवं होऊन चालावं लागेल एवढी जागा. तिथं भिंतीलगत तीन पाम आहेत. होते. आता दोन आहेत.

ते आणले ठकूनं. ठकू म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. इस्पितळात एक्सरे काढायची. पहिल्या पगारात लोक आईबापाला अंगावर घालायला काहीतरी आणतात, ही बया तीन कुंड्या घेऊन रिक्षातून उतरली. मी म्हटलं, हे काय, खायचं की पांघरायचं? तर म्हणाली, मोजायचं.

आणि खरंच मोजायची. पाम कसा वाढतो ते मला तिच्यामुळे कळलं. बाकीच्या झाडांसारखं ह्याला चार बाजूंनी फुटवे येत नाहीत. शेंड्यात एकच जागा, तिथूनच काय ते येणार. तिथं मधोमध न उलगडलेलं कोवळं पान ताठ उभं असतं. त्याला ठकू सुई म्हणायची, शिवणारणीची लेक ना. रविवारी सकाळी स्टुलावर चढायची आणि आपल्या लाल नेलपॉलिशनं सुईवर आणि शेजारच्या जुन्या देठावर मिळून एक आडवी रेघ ओढायची. पुढच्या रविवारी बघावं तर देठावरचा तुकडा जागच्या जागी आणि सुईवरचा वर सरकलेला. मधलं अंतर म्हणजे आठवड्याची वाढ. ते मोजायला माझी टेप पळवायची, आणि इकडे मी गिऱ्हाइकाच्या कमरेपाशी रिकाम्या हातानं उभी. आकडा ती झाडामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायची. हे स्टूल धरून उभे राहायचे आणि आकडा ऐकला की परीक्षेत पोर पहिली आल्यासारखे मान हलवायचे.

ठकू गेली त्याला वर्ष होऊन गेलं. पोटात दुखतंय म्हणाली. ह्यांनी नेहमीसारखं सांगितलं, पित्त असेल, गरम पाणी पी आणि पड जरा. तीही पडली. इस्पितळात काम करणारी मुलगी, तिला स्वतःला कळू नये? पण दमली होती, बाबांनी सांगितलं आणि पडली. सकाळपर्यंत आत अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्या माणसानं ते मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर चाललं असतं. त्यानं ते ह्यांच्या तोंडावर सांगितलं.

तेव्हापासून हे अर्धे झाले. जेवण म्हणजे ताटाशी बसून अन्न इकडचं तिकडे करणं. मी किती वेळा समजावलं, अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत का, मीही घरातच होते. ऐकायचे, मान डोलवायचे आणि उठून बाहेर जायचे. बाहेर म्हणजे झाडांपाशी. ठकूची मोजणी ह्यांनी सोडली नाही. नेलपॉलिश घट्ट होत आलं तर त्यात थिनरचे थेंब घालून पुरवलं. माझ्याशी दिवसभरात काही बोललेच तर एवढंच, उजवं जोरात आहे, डावं जरा मागे पडलंय. आणि मधलं. मधलं झाड ठकूचं, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं, कारण तिनं शेवटची रेघ त्याच्यावर ओढली होती. ती सुई पुढे उलगडली, तिचं मोठं पान झालं, त्याच्या देठावर ती रेघ अजून होती. त्या पानाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

समोर इमारत उभी राहायला लागली आणि सगळी धूळ आमच्याकडे. झाडं पांढरी पडली. हे स्टुलावर चढून नळीनं त्यांना डोक्यावरून आंघोळ घालायला लागले. पुढे ऊन वाढलं तशी ह्यांना मधल्याची काळजी. नळीचं तोंड त्याच्या शेंड्यात, बरोबर सुईच्या बुडाशी खोचून ठेवायचे आणि नळ एवढासा सोडायचे. थेंब थेंब, दिवसरात्र. मी म्हटलं, अहो, झाडाचं तोंड मुळाशी असतं, डोक्यात पाणी कशाला? म्हणाले, वाढ जिथून होते तिथंच द्यायला हवं. आता पंपचालकाला पाण्यातलं कोण शिकवणार? मी आपली मशीनवर बसले.

मग एका रविवारी रेघेचे दोन तुकडे झालेच नाहीत. हे म्हणाले, उन्हानं थकलंय. पुढच्या रविवारीही रेघ अखंड. म्हणाले, विसावा घेतंय, पुन्हा जोर धरेल. झाड दिसायला हिरवंगार होतं, त्यामुळे मीही हो ला हो केलं. पण हे त्या रेघेकडे बघत स्टुलावर इतका वेळ उभे राहायला लागले की मी मशीन थांबवून खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवायची. एकदा उतरले आणि म्हणाले, "हे गेलं तर माझं काही खरं नाही." हा माणूस असलं कधी बोलत नाही. मी हातातला कपडा उलटा शिवून ठेवला त्या दिवशी.

हे डोळे तपासायला गेले होते तेव्हा मी नर्सरीवाल्याला बोलावून घेतलं. माणूस भला, पण तोंडात तीळ भिजत नाही. आल्या आल्या त्यानं मला त्याच्या जावयाची सगळी भानगड ऐकवली, मग स्टुलावर चढला. सुई दोन बोटांत धरली आणि नुसती ओढली. अख्खी सुई हातात आली. जोर म्हणून लावावा लागला नाही. खालचं टोक तपकिरी, लिबलिबीत, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला.

त्यानं विचारलं, शेंड्यात पाणी कुणी साठवलं? म्हणाला, आतून कुजलंय. पामला काळीज एकच, ते गेलं की संपलं. पानं आणखी काही महिने हिरवी राहतील, त्याला काही अर्थ नाही. हे काढून टाका आणि उरलेल्या दोघांच्या डोक्यावर पाण्याचा थेंबही नको, नाहीतर तीही जातील. दोन दिवसांनी माणसं घेऊन येतो, काकांनाही समजावून सांगतो नीट.

काकांना समजावून सांगतो. हा येणार, ह्यांच्यासमोर उभा राहणार आणि सरळ सांगणार की काका, तुमच्या पाण्यानं गेलं. पुन्हा पाण्यानंच. डॉक्टरनं सांगितलं त्यातून हे कसेबसे उभे होते. आणखी एकदा ऐकलं असतं तर हा माणूस उठला नसता. हे मी वाढवून सांगत नाही, चाळीस वर्षं संसार केलाय, कुठली शिवण किती ताण घेईल ते मला कळतं.

त्याला मी म्हटलं, ती सुई आहे तशी परत खोच. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्याला वाटलं असणार. खोचली बिचाऱ्यानं. मग मी स्वतः स्टुलावर चढून सुई फिरवून फिरवून बसवली, तिच्यावरची रेघ देठावरच्या रेघेला जुळेपर्यंत.

त्याला गप्प राहा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. तो गेटपर्यंत गप्प राहिला असता फार तर. आणि नळी बंद करायची तर कारण सांगायलाच हवं होतं. म्हणजे तो यायच्या आत ह्यांना दोष द्यायला दुसरं कुणीतरी मिळवून द्यायला हवं होतं. घरात दुसरं होतं कोण? मीच.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी ह्यांना अंगणात बोलावलं. कपड्यांना मी घरीच खळ करते, हे ह्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं की उरलेली खळ वाया कशाला घालवायची म्हणून मी ती मधल्या झाडाच्या डोक्यावर ओतत होते. कधी गरमच असायची. ती आत साचली आणि आतून कुजलं. आता खळीचा अंश धुळीबरोबर तिघांवर उडालाय, वर पाणी पडलं की तो आंबतो, म्हणून नर्सरीवाल्यानं उरलेल्या दोघांवर वरून पाणी घालू नका म्हटलंय. हे शेवटचं मी मनचंच रचलं होतं. शहाण्या माणसाला पटण्यासारखं नव्हतं, पण हे कुठे शहाण्यासारखं ऐकत होते.

हे स्टुलावर चढले. सुई धरली आणि ती हातात आली. तिचं कुजकं टोक उलटंसुलटं करून बघितलं. मग खाली उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मारलंस तिचं झाड."

मी म्हटलं, "हो."

"अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? थोडं विचारलं असतंस मला तर वाचलं असतं. तिचं एवढं एकच होतं, तेही तू घालवलंस."

मी पुन्हा हो म्हटलं. वर्षभर जे मी ह्यांना एकदाही म्हटलं नाही, ते ह्यांनी मला एका दमात म्हणून टाकलं. माझ्या मनात कधी आलं नव्हतं असं नाही. कितीदा आलं होतं. भाजी चिरताना यायचं, मशीन चालवताना यायचं, आणि मी दात आवळून गिळायची. ह्यांना गिळावं लागलं नाही. बरं झालं. पण लागलं मला, खोटं कशाला बोलू? असं लागलं की भिंतीला धरून उभी राहिले.

दुपारी हे ताटावर बसले ते रागारागात सगळं जेवले, वर आणखी मागून घेतलं. मी वाढलं. नर्सरीवाला आला तेव्हा मी दारातच त्याला आडवी गेले आणि सांगितलं की पाणी मीच घालत होते, काकांना माहीत आहे, तू त्यांना काही सांगू नकोस. त्याला सांगायला काही उरलंच नाही. त्यानं झाड काढलं, खालची मातीही उपसून नेली. हे पलीकडच्या शेजाऱ्यांना भिंतीवरून सांगत होते, आमच्या हिनं मारलं हो, खळ ओतून ओतून. आवाज कसा खणखणीत होता. वर्षभरात हा आवाज ऐकला नव्हता मी. शेजारीण माझ्याकडे अशी बघत होती की मी तिच्या घरातलं काही चोरलंय. बघ म्हटलं, हवं तेवढं बघ.

आता हे हिंडतात, फिरतात, गिऱ्हाइकांवर डाफरतात. उरलेल्या दोघांना पाणी मुळाशीच घालतात आणि मी कधी तिकडे गेले की लांबूनच म्हणतात, तू हात लावू नकोस. मी लावत नाही. हे सगळं मी धरूनच चालले होते.

एक तेवढं ध्यानात आलं नव्हतं. भिंतीवर मधल्या झाडाच्या मागचे ठकूच्या हातचे आकडे आता उघडे पडलेत. मशीनवरून मान वर केली की समोर दिसतात. ती आठ कसा काढायची, दोन गोळे वेगवेगळे, एकावर एक. बघितलं की भरून येतं. ठकूसाठी रडायचं झालं तर मला जगात हे एकटेच होते, आणि आता त्यांच्यापाशी जाऊन रडायला मला तोंड राहिलेलं नाही.