मुकीबीच्या पॅचची मोजणी

“जाजा, हे पत्र पाठवू नका,” मुकीबी म्हणाला.

मी चष्मा काढला. जाजा म्हणजे आजी; इथे सगळे मला तसेच म्हणतात. कंपालातल्या या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षांत मला कुणी ‘नका’ म्हटले नव्हते. अकरा वर्षे मुकाट्याने इतरांच्या पॅचचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दुरुस्तीचा, वेग मोजत आलेल्या मुकीबीने तर नाहीच. दोनशे जण एकाच वेळी डेटाबेसवर तुटून पडले, की एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या नोंदींच्या कुलपापाशी रांग तुंबते. ती कुठे तुंबते हे त्याने मोजता मोजता हेरले आणि आयुष्यात प्रथमच स्वतः पॅच लिहिला. आपला पॅच आपण मोजू नये, हा माझा दंडक. म्हणून तो त्याचा सहकारी कासिर्ये याने मोजला. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला होता. पाच वाजता तो आकडा मुकीबीच्या नावानिशी जगभरच्या जाणकारांपुढे जाणार होता. मी सर्वांसाठी अंडे गुंडाळलेल्या गरम चपात्याही मागवल्या होत्या.

“कासिर्ये, आधी जुना प्रोग्रॅम चालवलास आणि लगेच माझा, हो ना?”

“मग? मध्ये काय मुहूर्त बघायचा होता?”

“मशीन बंद करून मेमरी रिकामी करायची होती. जुन्याने सगळ्या नोंदी डिस्कवरून मेमरीत ओढत आणल्या, माझ्याला त्या आयत्या मिळाल्या.”

“अरे, स्वतःच्याच लग्नात विघ्न आणतोस होय!”

“मुकीबी,” मी म्हणाले, “पत्र माझ्या सहीने जाते आहे. मी सांगते, जाऊ दे.”

“प्रत्येक वेळी रिकाम्या मेमरीपासून. तुम्हीच शिकवलंत, जाजा.” त्याची मान खाली होती, पण जागचा तो हलला नाही.

मी कासिर्येला खूण केली. आता आधी मुकीबीचा, मग जुना. प्रत्येक खेपेला यंत्र बंद, पुन्हा सुरू. दोन्ही तीन तीनदा चालले. चपात्या निवल्या. कासिर्येची थट्टाही थांबली.

“किती?” मी विचारले.

“चार,” कासिर्ये पुटपुटला.

पत्रातला आकडा मी माझ्या हाताने बदलला आणि सही केली. मुकीबी फळ्यापाशी गेला. तिथे सकाळी कासिर्येने मोठ्या अक्षरांत ४० लिहिले होते. मुकीबीने अंगठ्याने फक्त शून्य पुसले. मग परत येऊन, खडू लागलेल्या त्याच हाताने त्याने निवलेली चपाती उचलली आणि सावकाश खाऊ लागला.