पंख्याची पिशवी

“म्हणजे पंखा बंद केला तर कामगारांचं काही अडणार नाही ना?” मालकांनी विचारलं, आणि टेबलाभोवतीची सगळी डोकी वकिलाकडे वळली.

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे हो. खडूच्या कारखान्यात खोकी भरणारा साधा माणूस. पण एकदा तोंड उघडलं की समोरच्याला श्वास घ्यायलाही फट मिळायची नाही, म्हणून हे नाव. मालकांनी यंदा नवी टूम काढली होती. कारखान्याशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो, त्या सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवायचं. भागीदार आले, खडू विकणारे दुकानदार आले, मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. कामगारांतून कोण? एकमुखाने वकील! दुसरं कोण असणार?

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पावडरीच्या गोण्या जिथे फोडतात, तिथला पंखा सगळा फुफाटा त्यांच्या खिडकीवर फेकायचा. “सासरे अंथरुणाला खिळलेत,” त्या सांगत होत्या. “खिडकी उघडली की त्यांच्या पांघरुणावर पांढरा थर बसतो. मी दिवसातून किती वेळा झटकू?”

यावरची तोड वकिलाला ठाऊक होती. गोण्या फोडणाऱ्या पैलवानाने ती आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतली होती. “पंख्याच्या तोंडाला बाहेरून जाड कापडाची लांब पिशवी बांधायची. भुकटी पिशवीत राहील, हवा निघून जाईल. आत मला खोकला नको, बाहेर त्यांना त्रास नको. एवढंच बोल बाबा. फाटे फोडू नकोस.”

एवढंच बोलायचं होतं. पण बैठक सुरू होतानाच मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले होते, “हे आमचे वकीलसाहेब. घरचेच आहेत. आम्हाला अडचणीत आणायचे नाहीत.” साहेब! बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं, आणि गडी तिथेच विरघळला. आता पिशवीचं काढलं तर मालकांना वाटेल, हाही तक्रारच घेऊन आला.

“छे छे, काही अडणार नाही,” तो म्हणाला. “सांभाळून घेऊ की आम्ही.”

बाईंनी हात जोडले. मालक समाधानाने हसले. बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

दाराशी पैलवान उभाच होता. “बोललास?”

“बोललास काय विचारतोस! ठासून बोललो. बघतो म्हणाले.”

आता काय म्हणावं या माणसाला! गप्प बसला ते बसला, वर ही थाप. दुसऱ्या दिवशी पंखा बंद झाला. पैलवान नाकातोंडाला फडकं गुंडाळून गोण्या फोडू लागला. फडकं तासाभरात ओलं आणि पांढरं व्हायचं. आडदांड माणूस, पण खोकल्याची उबळ आली की गोणीवर हात टेकून वाकायचा.

जेवणाच्या सुट्टीत दोघं शेजारी बसत. कुणी कुरकुरलंच, की बैठकीचा काय उपयोग झाला, तर पैलवान म्हणायचा, “जाऊ दे रे. वकिलाने त्याचं काम केलं.” वकील डबा अर्धाच झाकून उठायचा. उद्या मालकांना सांगू, असं तो रोज ठरवायचा. पण आता सांगायला जायचं म्हणजे तेव्हा गप्प का बसलो तेही सांगावं लागणार. असं अकरा महिने उद्या उद्या चाललं.

मग पैलवानाला कारखान्याचा जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि कामच बंद करायला सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी वकील मालकांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या पिशवीचं सांगून मोकळा झाला. दोन मिनिटं लागली. मालक ऐकत राहिले.

“अहो, एवढं सोपं होतं? मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं ना तुम्हाला?”

वकील मान खाली घालून बाहेर पडला. चौथ्या दिवशी पिशवी बसली, पंखा सुरू झाला, आणि गोण्या फोडायच्या जागी नवा माणूस फडक्याशिवाय काम करू लागला.

रविवारी वकील पैलवानाच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं. “या भावजी. हे तुमचीच वाट बघत होते.” पैलवान तीन उशांना टेकून बसला होता. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

“मी त्या दिवशी बोललो नव्हतो,” वकील म्हणाला. “खोटं सांगितलं तुला. मीच म्हणालो, पंखा बंद केला तरी चालेल म्हणून.”

“माहीत आहे.”

“म्हणजे?”

“गल्लीतल्या त्या बाई दुसऱ्याच दिवशी भेटल्या होत्या मला. तुमच्या माणसाने मोठं मन दाखवलं, म्हणाल्या.” पैलवान थांबला. एवढ्या बोलण्यानेच त्याला धाप लागली होती.

“अरे, मग वर्षभर एका शब्दाने बोलला का नाहीस मला? शिव्या घालायच्या होत्यास!”

“वाटायचं, आज सांगशील. आज नाही तर उद्या. तू सांगितलं असतंस ना, तर दोघं मिळून गेलो असतो मालकांकडे.”

वकील रडायला लागला, अगदी लहान मुलासारखा. पैलवान पलंगाच्या कडेला हात टेकून, एकेक इंच करत, त्याला जागा देत भिंतीकडे सरकला.

“जवळ ये,” तो म्हणाला. “मोठ्याने बोलवत नाही मला.”