बिनगाठीची चेरी

शेजारणी जुलैत मुरांबे घालत बसायच्या, तेव्हा थेक्ला शिडी खांद्यावर टाकून टेकडीवरच्या आपल्या जंगलात जायची. तिथे रानचेरीच्या खोडावरची एकेक फांदी अंगठ्यापेक्षा जाड व्हायच्या आत ती करवतीने उतरवायची. फांदी वेळेवर गेली की लाकडात गाठ राहत नाही, आणि बिनगाठीच्या चेरीला, लाकडाचे पातळ पापुद्रे काढून फर्निचरला पुरवणारे व्हिनिअरवाले म्हणाल तो भाव देतात, हे तिला सासऱ्याने लग्नाच्या वर्षीच शिकवलं होतं. झाडंही त्यानेच त्या वर्षी लावली होती. सासरा गेला, पुढे नवराही गेला. झाडं मात्र दोन पुरुष उंचीच्याही वरपर्यंत गुळगुळीत वाढली.

मधे एक काळ असा आला की घराघरांत चेरीचीच कपाटं हवी झाली. व्यापारी थेक्लाच्या दारात गाड्या लावून उभे राहायचे. "अजून बारीक आहेत," असं सांगून ती त्यांना कॉफी पाजायची आणि वाटेला लावायची. मग लोकांना चेरीचा कंटाळा आला आणि ओकचं वेड लागलं. चेरीकडे कुणी ढुंकून बघेना. ओकसारखं थांबताही येत नाही, चेरी म्हातारी झाली की आतून सडते. म्हणून या हिवाळ्यात थेक्लाने बारा झाडं पाडली आणि ओंडके लिलावाच्या आवारात पाठवले.

तिचा जावई फोल्कमार लोकांच्या घरी हीटर बसवायचा आणि जगातली प्रत्येक गोष्ट जाळली तर किती ऊब देईल, असाच हिशेब करायचा. मुलं झाल्यापासून तोही सासूला आजीच म्हणे. जंगल आता त्याच्या नावावर व्हायचं होतं आणि त्याचा डोळा धाकट्या चेरींवर होता. थेक्लाने पासष्टाव्या वर्षी, लोक हसत असताना, नवीन चेरी लावल्या होत्या. त्या आता मनगटाहून जाड झाल्या होत्या.

"आजी, त्या काढून नाताळची झाडं लावू. दहा वर्षांत पैसा हातात," तो एकदा जेवताना म्हणाला.

"आणि चेरी?"

"तुझ्या चेरीची वाट बघायला मी काय दीडशे वर्षं जगणार आहे?"

"मी तरी कुठे जगणार होते?" थेक्ला म्हणाली. मग ताटातला बटाटा सोलता सोलता तिनेच तोडगा काढला. "लिलावात थोरल्या चेरीला चांगला भाव आला तर धाकट्या राहतील. जळाऊ लाकडाच्या भावानं गेल्या तर ऑक्टोबरात तू त्या काढ. मी एक अक्षर बोलणार नाही."

फोल्कमारची बायको आल्मुट नवऱ्याकडे बघतच राहिली, कारण त्याने लगेच हात पुढे केला होता.

लिलाव तिकडे बंद पाकिटांचा असतो. ओंडके बर्फात रांगेने मांडलेले असतात, व्यापारी आठवडाभर फिरून बघतात आणि मग गुपचूप आपला आकडा पाठवतात. सगळ्यात महाग ओंडक्याला नवरी म्हणतात, तिच्या डोक्याला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांची माळ घालतात. फोल्कमार सासूला गाडीतून घेऊन गेला, तेव्हा क्वास्ट नावाचा एक म्हातारा व्हिनिअरवाला तिच्या ओंडक्यापाशी वाकला होता. त्याने हातमोजा काढून लाकडावरून तळवा फिरवला, कापलेल्या तोंडाशी डोळा लावला, आणि लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांना हाक मारली.

"इकडे या रे. हे बघून ठेवा. टोकापासून टोकापर्यंत एक गाठ नाही. कुणी छाटली ही?"

"मी," थेक्ला म्हणाली.

क्वास्टने टोपी काढली. "बाई, चाळीस वर्षं लाकूड बघतोय. असं काम मी पाहिलं नव्हतं."

बाकीचेही जमले. एकमेकांचे गळे कापायला टपलेली ती माणसं, पण सगळ्यांनी हात फिरवून पाहिला. फोल्कमारला सासूचा अभिमान वाटला. आपण पैज हरणार, हेही त्याने ओळखलं. थेक्लाचा चेहरा मात्र उतरला होता.

"काय झालं आजी? एवढं कौतुक करतायत."

"ज्याला घ्यायचं असतं तो ओंडक्यावरून बघून न बघितल्यासारखा जातो," ती म्हणाली. "दुसऱ्याला सुगावा लागू नये म्हणून. इथे सगळे हाका मारून दाखवतायत."

क्वास्टने ऐकलं आणि मान खाली घातली. "खोटं कसं बोलू? चेरी विकतच नाही. आणि आता तर लोकांना गाठीच हव्यात. गाठींचा ओक मागतात, टेबलाला भोकं दिसली की खूश होतात. म्हणे, अस्सल वाटतं."

थेक्लाला हसू फुटलं. "म्हणजे मी उगाच शिडी चढले. घरी बसले असते तर आज श्रीमंत झाले असते." क्वास्टही हसला, पण टोपी त्याने डोक्यावर ठेवली नाही.

निकालाच्या दिवशी माळ एका जाड ओकला पडली. थेक्लाच्या बारा ओंडक्यांना मिळून एकच पाकीट होतं, एका खुर्च्या बनवणाऱ्याचं. भाव जळाऊ लाकडाएवढाच होता. फोल्कमार पैज जिंकला होता. घरी आल्मुटने वाटाण्याच्या सूपचा वाडगा त्याच्यापुढे आदळला. थेक्लाने मात्र ब्रेडचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "नाताळची रोपं चांगल्या रोपवाटिकेतून आण. स्वस्तातली आणू नकोस."

जुलैत एका दुपारी म्हातारी घरात दिसेना, शिडीही दिसेना. फोल्कमार धावत टेकडीवर गेला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई धाकट्या चेरीला शिडी लावून वर उभी होती आणि फांदी कापत होती. खाली हिरव्या फांद्यांचा ढीग पडला होता. अर्धी ओळ छाटून झाली होती.

"आजी, खाली उतर. ही झाडं ऑक्टोबरात जायचीत. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय की. मी कुठे नाही म्हणतेय?"

"मग कशाला छाटतेस?"

"जुलै आहे," ती म्हणाली. एवढ्या सरळ प्रश्नावर याला आणखी काय उत्तर द्यायचं, असा तिचा चेहरा होता. "या वर्षीची फांदी राहिली तर गाठ धरेल."

ऑक्टोबरात सरपण होणाऱ्या झाडात गाठ राहू नये म्हणून ही बाई उन्हात शिडीवर चढली होती. क्वास्टने टोपी काढली तेव्हा फोल्कमारला नुसता अभिमान वाटला होता. आता त्याला स्वतःची लाज वाटली, आणि या बाईच्या घरात आपण जावई म्हणून आलो याचा आनंदही झाला.

त्याने तिला हाताला धरून खाली उतरवलं, करवत घेतली आणि स्वतः वर चढला. पुढच्या फांदीशेजारी अंगठा धरून त्याने खाली विचारलं, "ही?"

"ती पुढच्या वर्षी," थेक्ला म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे, तशी…"

"बरं, पुढच्या वर्षी," फोल्कमार म्हणाला आणि खाली उतरून त्याने शिडी पुढच्या झाडाला लावली.