वरणभात आणि अरिस्टिडिस

उर्वी पडली तेव्हा शैला सायकल शर्यतीच्या रस्त्याकडेला उभी राहून थर्मासमधला चहा ओतत होती. लेस्टरबाहेरचं ते वळण, ओला डांबरी रस्ता, आणि पोरगी सायकलसकट कुंपणावर. पंचवीस वर्षं हॉस्पिटलात इतरांच्या मुलांना भूल देणारी ही डॉक्टरीण, पण स्वतःच्या मुलीकडे ती उघडा थर्मास हातात घेऊनच धावली.

ती पोचेपर्यंत उर्वी उभीसुद्धा राहिली होती. सायकल मोडली होती, हेल्मेटला तडा गेला होता. फर्स्ट एडवाल्या बाईंनी वार, महिना, गावाचं नाव विचारलं. सतरा वर्षांच्या कार्टीने धडाधड उत्तरं दिली आणि क्लबातल्या मैत्रिणीची सायकल ओढून घेतली.

"उर्वी, थांब. यू हिट युअर हेड."

"आय'म फाइन, आई. अरिस्टिडिसपण दुसऱ्या बाइकवर बसला ना."

हे खूळ शैलानेच डोक्यात घातलं होतं. इतर आया चिऊकाऊचे घास भरवतात. ही सायकलवेडी बाई ग्रीक वीर घेऊन बसायची. १८९६चं ऑलिंपिक, सायकलवर अथेन्सहून मॅरेथॉन गावाला आणि परत, सत्त्याऐंशी किलोमीटर. एक घास: निघाला अरिस्टिडिस कॉन्स्तांतिनिदिस. दुसरा: सायकल मोडली. तिसरा: दुसऱ्याची घेतली. मग पडला, उठला, जिंकला, आणि वाटी रिकामी. सव्वाशे वर्षांनंतर लेस्टरच्या एका स्वयंपाकघरात त्याची कीर्ती वरणभातावर टिकून होती.

शैलाने हँडल धरलं. "गोष्ट सांग मला. ऑल ऑफ इट. मग जा."

"सीरियसली?" उर्वी वैतागली. "तो निघाला. बाइक मोडली. दुसरी घेतली. मग तो पडला."

"मग?"

"मग तो पडला."

"त्यानंतर, बाळा?"

उर्वीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाइक मोडली. मग तो पडला."

उर्वीच्या डोक्याच्या आत काय चाललं असेल ते शैलाला नको इतकं ठाऊक होतं. पोरीचा एक पाय पेडलवर होता. ओढाताण केली तर पुन्हा आपटली असती.

"मग तो थांबला," शैला म्हणाली. त्या माणसाबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होती. "खाली बसला. आणि त्याच्या आईने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली."

पोरगी आता हसेल, भांडेल, तेव्हा कुठली आली अ‍ॅम्ब्युलन्स म्हणेल, या आशेने शैलाने मनोमन देवाला हात जोडून वाट पाहिली.

"ओह, हो," उर्वी म्हणाली, आणि मुकाट्याने गवतावर बसली.